मदत हवी आहे: भोपळ्याच्या चीजकेकचे थर एकमेकांत मिसळतायत, गुरुवारच्या आत उत्तर हवंय

रानजाई | २४ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:१०

थरांचा चीजकेक करतेय. खाली जिंजर स्नॅप बिस्किटांचा तळ, त्यावर पांढरा थर, त्यावर भोपळ्याचा केशरी थर आणि सगळ्यात वर दालचिनीत शिजवलेलं सफरचंद. केशरी थर ओतला की मधोमध पांढऱ्यात बुडतो. कडेला ठीक असतो, पण कापल्यावर आत सगळं एकाच फिकट रंगाचं दिसतं. शिवाय मधला भाग लिबलिबीत राहतो. रेसिपी नेहमीचीच आहे, ३२५ वर ५० मिनिटं. गुरुवारी पाहुणे आहेत आणि गोडाची जबाबदारी माझ्याकडे आहे. कृपया थेट उपाय सांगा. बाहेरून केक आणा असं सांगू नका.

मनस्वी_पुणे | रात्री ८:२४

३२५ वर? अहो, जळेल ना तो! माझा ओटीजी २५० च्या पुढे जातच नाही. १६० ठेवा.

ओव्हनप्रेमी | रात्री ८:३१

मनस्वी, त्या फॅरनहाइट म्हणत असतील. ३२५ फॅरनहाइट म्हणजे साधारण १६३ सेल्सिअस, म्हणजे तुम्ही दोघी एकच सांगताय.

रानजाई, तुम्ही कुठे आहात? ओव्हन कुठला? पंख्याचा असेल तर तापमान २५ फॅरनहाइटने कमी ठेवावं लागतं. टिन किती इंची? पाण्यात ठेवून भाजता की नुसता? आणि "नेहमीची रेसिपी" म्हणजे काय काय घालता ते लिहा, नाहीतर आम्ही अंधारात तीर मारणार.

खमंग | रात्री ८:४०

चीजकेकला तडे जाऊ नयेत म्हणून मी काय करते ते सांगते. भाजून झाल्यावर ओव्हन बंद करायचा, दारात लाकडी चमचा अडकवून ते किंचित उघडं ठेवायचं आणि केक तासभर आतच राहू द्यायचा. एकदम बाहेर काढला की वरचा भाग आकसतो आणि फाटतो. बाहेर काढल्यावर टिनच्या कडेने पातळ सुरी फिरवायची, म्हणजे आकसताना केक कडेला चिकटून ओढला जात नाही. हे केलं की तडे जात नाहीत, खात्रीने सांगते.

रानजाई | रात्री ८:५२

खमंग, तडे जात नाहीयेत. थर मिसळतायत.

ओव्हनप्रेमी, न्यू जर्सी. साधा गॅस ओव्हन, पंखा नाही. ९ इंची स्प्रिंगफॉर्म टिन (बाजूची रिंग सुटी होते तो), त्याला बाहेरून फॉइल लावून गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवते. क्रीम चीजच्या ३ विटा, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, ग्रीक योगर्ट एक कप, कॉर्नफ्लोअर. मिश्रणाचे दोन भाग करून एकात एक कप भोपळा आणि मसाला.

शिकागोकर | रात्री ९:०५

भोपळा डब्यातला की घरी शिजवलेला? डब्यातला असेल तर लेबल परत वाचा. "पंपकिन पाय फिलिंग" आणि "शंभर टक्के पंपकिन" हे दोन वेगळे डबे असतात आणि दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात. फिलिंगमध्ये साखर आणि मसाला आधीच असतो. ते वापरलं तर मिश्रण जास्त गोड आणि जास्त पातळ होणारच.

जाता जाता सांगतो, अमेरिकेत डब्यात भरला जाणारा भोपळा बहुतेक आमच्या इलिनॉयमधला असतो. मॉर्टन नावाचं गाव पिओरियाजवळ आहे, ते स्वतःला पंपकिनची जागतिक राजधानी म्हणवतं. हॅलोविनला कोरतात तो भोपळा यात नसतो. डिकिन्सन जातीचा लांबट, फिकट सालीचा असतो. वनस्पतीशास्त्राप्रमाणे तो क्युकर्बिटा मोशाटा, बटरनट स्क्वॉशही त्यातलाच आणि आपल्या लाल भोपळ्याचे बरेच वाणही त्यातलेच. म्हणून डब्यातल्या भोपळ्याला आपल्याला ओळखीची चव लागते. कोरायचा भोपळा मात्र तंतुमय आणि पाणचट असतो, तो शिजवून वापरू नका.

रानजाई | रात्री ९:११

शंभर टक्केवाला आहे. लेबल बघून आणलाय.

आजीची_फोडणी | रात्री ९:२०

भोपळा आहेच तर घारगे करा ना! किसलेला भोपळा गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, थोडी तांदळाची पिठी, वेलची, खसखस. चार दिवस टिकतात, पाहुण्यांना बरोबरही देता येतात. थंडीच्या दिवसांत त्याला तोड नाही.

ओव्हनप्रेमी | रात्री ९:२८

आजी, घारगे छानच, पण त्यांचं ठरलंय आणि हातात दोन दिवस आहेत.

रानजाई, तुमच्या यादीत अंडी राहिलीत का? ९ इंची टिनला ३ विटा म्हणजे ३ ते ४ अंडी लागतात. चीजकेक हा मुळात अंड्यावर बसणारा कस्टर्डचा प्रकार आहे. मधला भाग लिबलिबीत राहतो तो अंडी कमी पडल्यामुळेच. माझी पद्धत: अंडी सगळ्यात शेवटी, एकेक करून, मिक्सर अगदी हळू ठेवून. जास्त फेटली तर हवा शिरते, केक फुगतो आणि मग बसतो. आणि मिनिटांवर जाऊ नका. काटा घालून बघायचा थर्मामीटर घ्या, मध्यभागी १५० फॅरनहाइट आलं की बाहेर काढा. ओव्हन कुठलाही असो, हा आकडा चुकत नाही.

अटकमटक | रात्री ९:३६

ओव्हनप्रेमीशी पूर्ण सहमत. तीन अंडी आणि वर एक पिवळा बलक. बलकाने मऊपणा येतो.

रानजाई | रात्री ९:४४

अंडं नकोच आहे. गुरुवार आहे ना.

अटकमटक | रात्री ९:४७

गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. त्याला अंडं का नको?

रानजाई | रात्री ९:५५

२७ तारखेला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. घरी घट बसतो, सासूबाई आल्या आहेत, त्यांचा दिवसभर उपास असतो. नैवेद्याला पुरणपोळी आहे, ती वेगळी. केक त्यानंतरच्या जेवणात आहे, नवऱ्याच्या ऑफिसमधली दोन कुटुंबं येतायत. त्या दिवशी आमच्या टेबलावर अंडं नसतंच, त्यामुळे वेगळं लिहावं असं वाटलं नाही. जिलेटिनही नको. आता कृपया थरांबद्दल सांगा.

अटकमटक | रात्री १०:०२

अरे वा, यंदा दोन्ही एकाच दिवशी आलंय! इकडे डॅलसला माझ्या बहिणीकडेही गुरुवार असतो, तिला आत्ताच कळवलं. पण केक बुधवारी केला तर अंडं चालेल का?

रानजाई | रात्री १०:०६

करायचा बुधवारी, खायचा गुरुवारीच ना. नाही चालणार.

चिंचगूळ | रात्री १०:१५

मग भाजण्याच्या भानगडीत पडूच नका. अगार अगार वापरा. सासूबाईंना चालेल, ते समुद्रवनस्पतीपासून असतं. पाण्यात घालून दोन मिनिटं खळखळून उकळायचं, मग क्रीम चीजमध्ये मिसळायचं. पांढरा थर फ्रिजमध्ये घट्ट झाला की त्यावर केशरी. रेषा अगदी पट्टीने मारल्यासारखी येते. मी दर वाढदिवसाला आंब्याचा असाच करते.

खमंग | रात्री १०:२३

चिंचगूळ, अगारचा केक कापताना तुकडा पडल्यासारखा तुटतो, जिभेवर विरघळत नाही. अगार गोठतं ४० सेल्सिअसच्या आसपास आणि परत वितळायला ८५ लागतं, म्हणजे तोंडात ते वितळतच नाही. भाजलेल्या चीजकेकची घट्ट, मलईदार चव त्याला येत नाही. शिवाय क्रीम चीज फ्रिजमधून काढलेलं थंड असेल तर अगार त्यात पडताक्षणी गोठतं आणि गोळ्या होतात.

चिंचगूळ | रात्री १०:३०

प्रमाण जास्त झालं तर तुटतो. क्रीम चीज कोमट ठेवलं तर गोळ्या होत नाहीत. न भाजलेल्या केकला लोक उगाच कमी लेखतात, उन्हाळ्यात कोण ओव्हन लावणार?

टोरांटोची_थंडी | रात्री १०:३४

उन्हाळा कुठला, इथे बर्फ पडतोय. आमचं थँक्सगिव्हिंग १३ ऑक्टोबरलाच झालं. तेव्हा मी भोपळ्याच्या चीजकेकवर मेपल सिरप आणि पेकानचा थर दिला होता. सफरचंदापेक्षा पेकान उत्तम. सफरचंदाला पाणी सुटतं आणि खालचा केक भिजतो. सफरचंदच हवं असेल तर ग्रॅनी स्मिथ घ्या, फोडी तूप आणि ब्राउन शुगरमध्ये रस आटेपर्यंत परता, पूर्ण गार करा आणि वाढायच्या आधी घाला. आदल्या रात्री घालून ठेवू नका.

रानजाई | रात्री १०:४०

सफरचंदाचं पटलं, गुरुवारीच घालते. पण मूळ प्रश्न तसाच आहे. थर का बुडतो?

प्रयोगशाळा | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

रात्री धागा पाहिला नव्हता. क्रमाने सांगतो.

थर बुडतो कारण वरचा भोपळ्याचा थर ओतताना खालचा पांढरा थर अजून पातळ असतो. दोन पातळ मिश्रणं एकमेकांवर राहत नाहीत, वरून धार पडते तिथे खड्डा होतो आणि दोन्ही मिसळतात. कडेला ठीक दिसतं कारण तिथे धार पडत नाही. तुम्ही बहुतेक मधोमध ओतताय.

लिबलिबीतपणाचं कारण वेगळं. ओव्हनप्रेमी १५० फॅरनहाइट म्हणाले ते अंड्याच्या केकला बरोबर आहे. तुमचा केक अंड्यावर बसत नाही, तो कॉर्नफ्लोअर आणि दुधाच्या प्रथिनांवर बसतो. कॉर्नफ्लोअरचे कण पाण्यात साधारण ६२ ते ७२ सेल्सिअसच्या दरम्यान फुगतात आणि साखर असेल तर त्याहून वर. १५० फॅरनहाइट म्हणजे ६५ सेल्सिअस. तेवढ्यावर काढला तर पीठ कच्चंच राहतं आणि कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर भरपूर असते. मध्यभाग ८० सेल्सिअसच्या पुढे जाऊ द्या. अंड्याचा केक तिथे फुटेल, पण तुमच्यात अंडं नाही.

त्याहून सोपं म्हणजे कॉर्नफ्लोअर आधीच गॅसवर शिजवून घ्या. मग ओव्हनवर सगळा भार राहत नाही.

ओव्हनप्रेमी | सकाळी ७:१५

हा मुद्दा मान्य, मी अंड्याच्या हिशेबानेच बोलत होतो. पण थरांसाठी शिजवून घेण्यापेक्षा फ्रीझर बरा. पांढरा थर टिनमध्ये ओतून अर्धा तास फ्रीझरमध्ये, वरचा भाग कडक झाला की भोपळ्याचं मिश्रण उलट्या डावावरून सावकाश सोडायचं. काही आटवायला नको, काही नको.

प्रयोगशाळा | सकाळी ७:३३

फ्रीझरने रेषा मिळेल, पण खालचा थर गोठलेला आणि वरचा खोलीच्या तापमानाचा अशी सुरुवात होईल. खालचा शिजायला मागे राहील आणि त्यांची अडचण आधीच मध्यभाग कच्चा राहण्याची आहे. अंड्याच्या केकला मी फ्रीझर सुचवला असता. इथे नाही.

आजीची_फोडणी | सकाळी ७:५०

मी घारग्यांचं म्हटलं ते उगाच नाही. भोपळ्यात पाणी फार. घारगे करताना किस आधी शिजवून आटवला नाही तर पीठ सैल होतं आणि मग कणीक घालत बसावं लागतं, घारगे कडक होतात. केकचं मला कळत नाही, पण भोपळा पातेल्यात आटवून घ्या. कडेने सुटायला लागला की झालं. वास बदलतो, कच्चा वास जातो, ती खूण.

प्रयोगशाळा | सकाळी ८:०२

आजी अगदी बरोबर सांगतायत आणि हेच करायचं आहे. रानजाई, असं करा:

भोपळा एक कप, दोन चमचे ब्राउन शुगर, सगळा मसाला आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर जाड बुडाच्या पातेल्यात घ्या. कॉर्नफ्लोअर थंड भोपळ्यातच कालवा, गरम झाल्यावर टाकलं तर गुठळ्या होतात. मंद आचेवर ढवळत, साधारण पाऊण कप राहीपर्यंत आटवा. पूर्ण गार करून मग अर्ध्या मिश्रणात घाला.

पांढऱ्या भागासाठी एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर पाव कप दुधात कालवून गॅसवर घट्ट करा, कोमट झालं की मिसळा. क्रीम चीज दोन तास आधी बाहेर काढलेलं हवं, थंड असेल तर गुठळ्या राहतात आणि त्या फोडायला तुम्ही जास्त फेटाल.

बिस्किटांचा तळ १० मिनिटं आधी भाजा. पांढरा थर ओतून पाण्याच्या ट्रेमध्ये २०-२५ मिनिटं भाजा, कडेचं तीन बोटं रुंद कडं स्थिर झालं पाहिजे, मधे हललं तर हलू दे. मग भोपळ्याचं मिश्रण चमच्याने कडेपासून सुरू करून आत आत येत मांडा. कड वजन पेलते, मध्यभाग पेलत नाही, म्हणून मधे शेवटी आणि थोडं थोडं. मग पुढची ४०-४५ मिनिटं.

पांढरा थर पूर्ण भाजून गार करू नका. त्याला साय धरते आणि मग कापताना वरचा थर घसरून वेगळा होतो.

चिंचगूळ | सकाळी ८:२०

एवढा खटाटोप! संगमरवरी नक्षी करा ना. दोन्ही मिश्रणं आळीपाळीने चमच्याने टाका आणि सुरीने दोनदा फिरवा. मिसळलं तरी तेच दाखवायचं असतं.

रानजाई | सकाळी ८:२६

नाही, थरच हवेत. कापल्यावर पांढरं-केशरी दिसलं पाहिजे. मुलीने सांगून ठेवलंय.

प्रयोगशाळा, आभार. आज रात्री करते. मसाल्याचं प्रमाण बरोबर आहे का बघा: दालचिनी दीड टीस्पून, सुंठ एक, जायफळ आणि लवंग पाव पाव. ऑलस्पाइस घरात नाही.

खमंग | सकाळी ८:४५

ऑलस्पाइस नसलं तरी चालतं, दालचिनी, लवंग आणि जायफळ मिळून ती चव येतेच. लवंग मात्र पावपेक्षाही कमी घ्या, दुसऱ्या दिवशी ती वाढलेली लागते. मी वेलचीही घालते.

शिकागोकर | सकाळी ८:५८

वेलची नको. क्रीम चीज, योगर्ट, वेलची आणि जायफळ एकत्र आलं की सगळ्यांना श्रीखंडाची आठवण होते. भोपळ्याला सुंठ हवी. ताजं आलं असेल तर थोडं किसून घाला, तिखटपणा स्वच्छ येतो.

खमंग | सकाळी ९:०४

श्रीखंडाची आठवण झाली तर वाईट काय?

डेन्व्हर_डोंगर | सकाळी ९:३०

कोणी उंचीचा विचार केलाय का? इथे पाणी ९५ सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे पाण्याच्या ट्रेमधला केक समुद्रसपाटीपेक्षा सावकाश होतो. मी दहा मिनिटं जास्त देते. न्यू जर्सीला गरज नाही, पण कोणी कोलोरॅडोतून वाचत असेल तर.

टोरांटोची_थंडी | सकाळी ९:४२

आणखी एक. फॉइल कितीही नीट लावलं तरी पाणी शिरतं आणि तळ ओला होतो. स्प्रिंगफॉर्म टिन आधी १० इंची साध्या केकच्या टिनमध्ये ठेवा आणि तो टिन पाण्यात. पाण्याचा केकशी संबंधच येत नाही.

अटकमटक | सकाळी १०:१०

सासूबाईंसाठी म्हणून सांगतो. काही चीजमध्ये प्राणिज रेनेट असतं, म्हणजे दूध घट्ट करणारं, वासराच्या पोटातून मिळणारं एन्झाइम. क्रीम चीज बहुतेक आम्लाने बसवलेलं असतं, तरी डब्यावर "एन्झाइम्स" असं मोघम लिहिलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. काही योगर्टमध्ये जिलेटिन असतं, तेही बघा. आणि मुलीला वर मार्शमॅलो हवे असतील तर तेही जिलेटिनचेच.

रानजाई | सकाळी १०:१८

योगर्टचं बघितलं, त्यात फक्त दूध आणि विरजण आहे. चीज शाकाहारी लिहिलेलं आहे. १० इंची टिन शेजारणीकडे आहे, आणते.

मनस्वी_पुणे | सकाळी ११:०५

इथे क्रीम चीज महाग पडतं. चक्का वापरला तर होईल का? श्रीखंडाचा चक्का चितळ्यांकडून आणते नेहमी.

प्रयोगशाळा | सकाळी ११:२०

होईल, पण वेगळा पदार्थ होईल. चक्क्यात स्निग्धांश क्रीम चीजपेक्षा बराच कमी आणि आंबटपणा जास्त, तापवल्यावर पाणी सोडतो. बंगाली लोक चक्का आणि कंडेन्स्ड मिल्क वाफवून भापा दही करतात, तुमचं त्याच्या जवळ जाईल आणि चांगलंच लागेल. चक्का रात्रभर फडक्यात बांधून अजून निथळा, अर्धा किलोला पाऊण वाटी ताजी साय फेटून घाला आणि कॉर्नफ्लोअर दीडपट करा. लाल भोपळा मंडईतला चालेल, वाफवून, गाळून, आजींनी सांगितला तसा आटवून.

रानजाई | २६ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

काल रात्री केला. भोपळा आटवायला वाटलं त्यापेक्षा वेळ लागला, पण घट्ट झाला आणि रंगही गडद आला. पांढऱ्याचं कडं धरेपर्यंत २५ ऐवजी ३० मिनिटं गेली. कडेपासून चमच्याने मांडलं, मधेही बुडलं नाही. काढताना मध्यभाग ८२ सेल्सिअस होता. रात्रभर फ्रिजमध्ये आहे. आत्ता रिंग काढून बघितलं, बाजूने दोन रंगांची सरळ रेषा दिसतेय. आतलं उद्या कापल्यावर कळेल. वरती पाण्याचे थेंब जमलेत, ते कशाने?

टोरांटोची_थंडी | सकाळी ७:२५

कोमट असताना झाकलात. पेपर नॅपकिन अलगद टेकवून टिपून घ्या, पुसू नका. आता झाकताना केक आणि झाकण यांच्यामध्ये कोरडा नॅपकिन ताणून ठेवा. उद्या सफरचंद वर येणारच, दिसणार नाही.

ओव्हनप्रेमी | सकाळी ७:३१

सुंदर! कापताना लांब सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसा, एक काप घ्या, परत पुसा. प्रत्येक कापाला. नाहीतर पांढऱ्यावर केशरी ओघळ येतो आणि एवढी मेहनत दिसत नाही.

आजीची_फोडणी | सकाळी ८:००

डब्यात उरलेल्या भोपळ्याचे घारगे करा. १५ औंसांचा डबा असतो म्हणे, एक कप काढून उरतोच.

रानजाई | सकाळी ८:१२

उरलाय. प्रमाण द्या, आजी. संध्याकाळी करते, सासूबाईंना आवडतात.

आजीची_फोडणी | सकाळी ८:३०

उरलेला भोपळा वाटीभर धरू. पाऊण वाटी चिरलेला गूळ त्यात विरघळेपर्यंत शिजव, उकळत बसू नकोस, पाक झाला तर घारगे कडक होतात. गार झाल्यावर चिमूट मीठ, वेलची, दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर कडकडीत मोहन आणि मावेल तशी कणीक. पाणी अजिबात नाही. अर्धा तास झाकून ठेव, पुरीपेक्षा जाड थाप, वरून खसखस दाब आणि मंद आचेवर तळ.

मनस्वी_पुणे | सकाळी ९:०२

माझा चक्का बांधून ठेवलाय. ओटीजीत वरची कॉइल चालू ठेवायची की बंद?

ओव्हनप्रेमी | सकाळी ९:०९

बंद. फक्त खालची, टिन खालच्या रॅकवर, १६० सेल्सिअस. छोट्या ओटीजीत वरची कॉइल केकच्या फार जवळ येते, वर साल धरते आणि आत कच्चं राहतं. पाण्याचा ट्रे मावत नसेल तर खाली एका वाटीत उकळतं पाणी ठेवा.